सोलापूरला समुद्र नाही, पण दोन बोटी आपल्या आहेत: 'लॉयल्टी' आणि 'राजपुताना'

एकरूखकर | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. दर वर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. मुंबईला, विशाखापट्टणमला कार्यक्रम होतात. आपल्याकडे कुणाच्या ध्यानातही येत नाही. खरं तर तो सोलापुरात साजरा व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघालेली 'लॉयल्टी' ही आगबोट ज्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, तिच्या संस्थापकांतले वालचंद हिराचंद आपल्या गावचे. २३ नोव्हेंबर १८८२ चा त्यांचा जन्म सोलापूरचा. आणि त्या कंपनीचे अध्यक्ष नरोत्तम मोरारजी म्हणजे मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. आपली जुनी मिल ज्यांनी उभी केली तेच हे मोरारजी.

इथवर पुष्कळांना माहीत असेल. मला दोन महिन्यांपूर्वी जे कळलं त्याने मात्र माझी झोप उडवली. 'लॉयल्टी' नवी कोरी बोट नव्हतीच. सिंधियाने घेतली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षं समुद्र पिऊन आलेली होती, आणि तिचं मूळ नाव होतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'.

कॅनेडियन पॅसिफिक ही मुळात रेल्वे कंपनी. कॅनडा आडवा ओलांडून तिचे रूळ पश्चिम किनाऱ्याला व्हँकुव्हरला पोचले, आणि पुढे सगळा पॅसिफिक महासागर. रूळ संपले तिथून टपाल आणि माणसं जपान-चीनपर्यंत न्यायची म्हणून कंपनीने इंग्लंडात बॅरो गावच्या गोदीत तीन बोटी बांधून घेतल्या: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान, एम्प्रेस ऑफ चायना. 'इंडिया' थोरली. ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरली, फेब्रुवारी १८९१ मध्ये लिव्हरपूलहून निघाली आणि सुएझ, हाँगकाँग करत एप्रिलअखेर व्हँकुव्हरला लागली. तिचे फोटो बघा एकदा. पांढरी शुभ्र, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, अजून शिडाच्या गलबतासारखी पुढे झेपावलेली. वाफेचं युग आलेलं, पण शिडाचं युग अंगावरून उतरलेलं नाही, अशा मधल्या वयातली ती बोट. टनेज, म्हणजे बोटीच्या आकाराचं माप, सहा हजाराला थोडं कमी. आजच्या हिशेबात लहान, त्या काळी पॅसिफिकवरची राणी.

१४ जुलै १८९३ ला योकोहामाला तिच्यावर एक भगव्या वस्त्रांतला संन्यासी चढला. शिकागोला निघालेले स्वामी विवेकानंद! ३१ मे ला ते मुंबईहून 'पेनिन्सुलर' बोटीने निघाले होते. योकोहामाहून व्हँकुव्हरपर्यंत त्यांना नेलं ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया'ने. त्याच प्रवासात जमशेटजी टाटा बरोबर होते.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१४ च्या डिसेंबरात ही बोट ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली, तिचं इस्पितळ जहाज केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंदांनी आणि त्यांच्या भागीदारांनी ती विकत घेतली. कंपनीला 'सिंधिया' नाव मिळालं तेही या ग्वाल्हेरकरांवरून. १९२३ साली मुंबईतच ती मोडीत काढली.

म्हणजे बत्तीस वर्षांत एका बोटीने टपाल नेलं, विवेकानंदांना नेलं, जखमी सैनिक सांभाळले आणि शेवटी इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला धडक दिली. तरी जहाजांचा विषय निघाला की सगळे टायटॅनिकवर येऊन थांबतात. जी बुडाली ती मोठी, आणि जिने आयुष्यभर माणसं पैलतीराला लावली ती विस्मरणात. मला हे पटत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जुन्या बोटींबद्दल माहिती आहे, घरात काही आठवणी आहेत, त्यांनी लिहा.

होटगीरोड_९८ | शनिवार, रात्री १०:१५

काय ओ काका, वालचंद कॉलेजात चार वर्षं काढली आम्ही, रोज गेटवर नाव वाचत होतो. हे कुणीच सांगितलं नाही की! भारीच आहे.

एक विचारायचं होतं. लायनर आणि क्रूझ यात फरक काय? मागच्या दिवाळीत आम्ही मित्र मुंबई-गोवा क्रूझला गेलतो, त्या बोटीचं नाव पण एम्प्रेसच होतं. ती लायनर म्हणायची का?

बॉयलर_ते_ब्रिज | शनिवार, रात्री ११:०५

मी जहाजावर इंजिनिअर आहे, सध्या सुट्टीवर जुळे सोलापुरात. फरक सांगतो.

लायनर म्हणजे लाइनवरची बोट. अमुक बंदर ते तमुक बंदर, ठरलेली तारीख, ठरलेली वेळ. एसटीसारखं. पाऊस असो, वादळ असो, टपालाचा करार केलेला आहे, पोचलंच पाहिजे. सॅम्युअल क्युनार्डची 'ब्रिटानिया' ४ जुलै १८४० ला लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स-बॉस्टनला निघाली ती टपालाच्याच करारावर. आपल्याकडे येणाऱ्या पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपनीचंही तेच: आधी टपाल, मग माणसं. क्रूझचं गणित उलटं. तिथे पोचायचं कुठेच नसतं, बोटीवर राहणं हाच प्रवास. वादळ दिसलं की मार्ग बदलायचा.

म्हणून बांधणीही वेगळी. लायनरचा पत्रा जाड, नाळ धारदार, तळ खोल, इंजिनाला ताकद जास्त. आज खऱ्या अर्थाने लायनर म्हणून चालणारी एकच उरली आहे, २००४ ची 'क्वीन मेरी २'. ती ३० नॉटच्या आसपास पळते, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस साडेचारशे किलोमीटर साधारण आठ तासांत कापते. स्टेशनं धरून सरासरी काढली तर तेवढीच पडते. साडेतीनशे मीटर लांबीचं गावच्या गाव सिद्धेश्वरच्या वेगाने समुद्र कापतंय, असं डोळ्यांसमोर आणा. १९५२ साली 'युनायटेड स्टेट्स' या बोटीने अटलांटिक तीन दिवस, दहा तास, चाळीस मिनिटांत ओलांडला, सरासरी ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी सहासष्ट. आजच्या सगळ्यात मोठ्या क्रूझांपैकी एक, २०२४ ची 'आयकॉन ऑफ द सीज', जवळजवळ अडीच लाख टनांची आहे, पण वेग २२ नॉट. तिला घाई नाही.

तुमची मुंबई-गोव्याची 'एम्प्रेस' १९९० ची, फ्रान्समध्ये सँ-नाझेर गावच्या गोदीत बांधलेली. त्याच गावात १९३५ ची 'नॉर्मांडी' बांधली, 'फ्रान्स' बांधली, आणि 'क्वीन मेरी २' सुद्धा. तेव्हा लायनर नसली तरी माहेर मोठं आहे तिचं.

कुंभारीचा_वाचक | रविवार, सकाळी ७:३०

एकरूखकर, लेख उत्तम. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. 'लॉयल्टी'चा उल्लेख बऱ्याच ठिकाणी पहिली स्वदेशी बोट असा करतात. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो. तुतिकोरीनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्येच स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. 'गॅलिया' आणि 'लावो' अशा दोन बोटी तुतिकोरीन-कोलंबो धावत होत्या. इंग्रज कंपनीने भाडं पाडून पाडून त्यांना जेरीस आणलं, पिळ्ळैंना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकलं, कंपनी संपली. 'लॉयल्टी'चं मोठेपण हे की तिने तिरंगा नसलेल्या काळात थेट इंग्लंडच्या मार्गावर भारतीय मालकीची बोट नेली.

एकरूखकर | रविवार, सकाळी ८:१०

अगदी बरोबर, आणि बरं झालं लिहिलंत. पिळ्ळैंना डावलून वालचंदांना मोठं करायचं नाही. उलट तोच डाव इंग्रजांनी सिंधियाशीही खेळला. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्या लॉर्ड इंचकेप यांच्या ताब्यात. त्यांनी भाडी पाडली, सिंधिया विकत घ्यायचाही प्रयत्न केला. शेवटी १९२३ मध्ये करार झाला आणि सिंधियाला दहा वर्षं किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं अडकवलं. सागरपार जायला निघालेल्या माणसाला किनाऱ्याला बांधून ठेवलं! पण वालचंद दमले नाहीत. विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी, आणि १४ मार्च १९४८ ला तिथे बांधलेली 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. साखर कारखाना, मोटारी, विमानं, जहाजं... आणि हा माणूस जन्मला कुठे, तर जिथे होडी बघायला कंबर तलावावर जावं लागतं तिथे.

मिलवाल्यांची_लेक | रविवार, दुपारी १:२०

स्वयंपाक आवरून निवांत वाचला धागा. मला जहाजांतलं काही कळत नाही, पण बॉयलर कळतो. माझे वडील मिलमध्ये फायरमन होते. लहानपणी दुपारचा डबा घेऊन मी जायची. लँकेशायर बॉयलर होते, आडव्या मोठ्या पिंपासारखे, आत दोन भट्ट्या. दार उघडलं की वडील एक पाऊल मागे टाकायचे आणि मग फावड्याने कोळसा असा फेकायचे की आत चादर अंथरल्यासारखा एकसारखा पसरला पाहिजे. एका जागी ढीग पडला तर वाफ पडायची आणि मास्तर ओरडायचे. मधूनच लांब सळईने खंगर, म्हणजे जळून घट्ट झालेली राख, ओढून काढायचे. डोळा सारखा बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर. घरी आले तरी त्यांच्या पापण्यांच्या कडेला काळी रेघ असायची, काजळ घातल्यासारखी. किती घासलं तरी जायची नाही.

तर मला विचारायचं आहे, एवढ्या मोठ्या बोटीत कोळसा कोण टाकायचं? त्यांच्याबद्दल कुणी लिहिलंय का?

बॉयलर_ते_ब्रिज | रविवार, दुपारी ३:००

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या पेशात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

१९०७ ची 'मॉरेटानिया' घ्या. त्या काळची सगळ्यात वेगवान. अटलांटिकवरच्या वेगाचा मान तिच्याकडे १९२९ पर्यंत, वीस वर्षं राहिला. तिच्यात २५ बॉयलर आणि १९२ भट्ट्या. रोजचा कोळसा हजार टनांच्या घरात. तुमच्या वडिलांच्या दोन भट्ट्या, तिथे १९२. फावडं मारणारे आणि कोठारातून कोळसा ओढून आणणारे मिळून तीनशेवर माणसं. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. आणि पायाखालची जमीन हलती. बोट पुढे झुकली की भट्टीचं दार उघडायचं नाही, निखारे अंगावर येतात. बोट सावरली की दार उघड, कोळसा फेक, दार लाव. वर पहिल्या वर्गात पियानो वाजतोय आणि खाली हे.

पी अँड ओच्या बोटींवर हे काम करणारे आपलेच लोक होते. भट्टीवरचा तो 'आगवाला', कोळसा आणणारा 'कोयलावाला', त्यांचा मुकादम 'सारंग', त्याच्या हाताखाली 'टिंडेल'. हे शब्द इंग्रज अधिकारीही जसेच्या तसे वापरायचे. आगवाले बहुतेक पंजाबकडचे, डेकवरचे खलाशी गुजरात-कोकण किनाऱ्याचे, जेवण वाढणारे गोव्याचे. गोऱ्या खलाश्याला मिळायचा त्याचा जेमतेम काही हिस्सा पगार. तांबड्या समुद्रात बोटीच्या पाठीमागून, तिच्याच वेगाने वारा आला की वर हवा म्हणून लागायची नाही. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला जातो, त्यात पत्र्याच्या बंद खोलीत भट्टीसमोर उभं राहायचं.

पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या बोटी तेलावर गेल्या. टायटॅनिकची थोरली बहीण 'ऑलिंपिक' तेलावर आली तेव्हा भट्टीवरची शेकडो माणसं कमी झाली. सुटले म्हणावं की बेकार झाले म्हणावं?

मिलवाल्यांची_लेक | रविवार, दुपारी ३:२५

दोन्ही. आमच्याकडे भोंगा बंद झाला तेव्हा आई हेच म्हणाली होती.

होटगीरोड_९८ | रविवार, सायंकाळी ५:४५

अंगावर काटा आला बे. मी टायटॅनिकबद्दल विचारणार होतो, पण काका रागावतील.

एकरूखकर | रविवार, सायंकाळी ६:३०

रागावत नाही रे. विचार की. दीड हजारावर माणसं गेली त्या रात्री, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे; ते विसरायचं असं मी म्हणतच नाही. होड्या होत्या २०, त्यांत जागा ११७८ जणांची, आणि बोटीवर माणसं बावीसशेच्या वर. कायदा मोडला होता का? नाही! त्या वेळचा इंग्लंडचा नियम बोटीच्या टनेजवर होता आणि तो दहा हजार टनांच्या पुढे सरकलाच नव्हता. नियमाने १६ होड्या लागत, त्यांनी २० ठेवल्या. बोटी वाढून ४६ हजार टनांवर गेल्या आणि नियम जुन्या चोपडीत तसाच. १९१४ मध्ये जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला तो या माणसांच्या मरणावर.

पण तिच्या बहिणीचं बघ. 'ऑलिंपिक' त्याच साच्यातली, १९११ ते १९३५ चोवीस वर्षं चालली. युद्धात सैनिक नेले, १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीला स्वतः धडक देऊन बुडवलं, पुन्हा प्रवासी सेवेत आली. तिचं नाव किती जणांना माहीत आहे? किंवा ब्रुनेल या इंजिनिअरची 'ग्रेट ईस्टर्न' घे. १८५८ ची, २११ मीटर लांब, चार हजार प्रवाशांसाठी बांधलेली. प्रवासी कधी भरलेच नाहीत, मालक बुडाले, सगळे तिला पांढरा हत्ती म्हणाले. पण १८६६ मध्ये युरोप-अमेरिकेला जोडणारी तार समुद्राच्या तळाशी टाकली ती तिनेच, कारण एवढी तार एका खेपेत पोटात घेणारी दुसरी बोटच नव्हती. आणि १८७० मध्ये ती मुंबईला आली आणि मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकत गेली. आपल्या गावात रेल्वे १८६० ला आली. दहा वर्षांत समुद्राखालची तारही मुंबईला लागली. इथल्या कापूस बाजाराला लिव्हरपूलचा भाव कळायला लागणारा वेळ मग तासांवर आला.

नवीपेठ_ट्रंकवाली | रविवार, रात्री ८:५०

माझ्या सासरी माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. चुलत आजेसासरे पन्नासच्या दशकात मँचेस्टरला कापड विद्येचं शिकायला गेले, त्यांची. आम्ही तिच्यात हिवाळ्याच्या चादरी ठेवतो. हा धागा वाचून आज मुलाला शिडीवर चढवलं आणि ट्रंक खाली घेतली. बाजूला अर्धवट फाटलेलं लेबल आहे, पी अँड ओचं. वरचं बोटीचं नाव 'स्ट्रॅथमोर' असं लागतं, आणि खाली मोठ्या अक्षरात इंग्रजीत 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज'. मुलगा म्हणाला, आई, आजोबा नको होते का त्यांना? याचा अर्थ काय?

बॉयलर_ते_ब्रिज | रविवार, रात्री ९:१५

वहिनी, ते लेबल जपा! सामानाचे प्रकार असायचे. 'केबिन' लेबलचं सामान खोलीत, 'वाँटेड' लेबलचं मधल्या कोठीत, ज्यातून प्रवासात ठरल्या वेळी वस्तू काढता यायच्या. आणि 'नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज' म्हणजे ही ट्रंक वाटेत लागणार नाही, तळाच्या कोठारात टाका, उतरताना द्या. आजोबांचे लोकरीचे कपडे आणि घरून दिलेला फराळ बहुधा तिच्यात असणार.

'स्ट्रॅथमोर' १९३५ ची, सुमारे साडेतेवीस हजार टन, पांढरा रंग. तीही बॅरोच्याच गोदीतली, म्हणजे एकरूखकरांच्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया'च्या गावची. १९६३ मध्ये पी अँड ओने ती विकली, १९६९ मध्ये मोडली. १९५८ पासून अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि चार-पाच वर्षांत सगळ्या लायनरांचं पाणी आटलं. पाच दिवसांचा प्रवास सात तासांवर आला, तिथे कोण थांबणार?

कुंभारीचा_वाचक | रविवार, रात्री ९:४०

एक प्रश्न. 'पॉश' हा शब्द पी अँड ओच्या तिकिटावरून आला असं ऐकून आहे. भारतात येताना डावी बाजू, जाताना उजवी. त्या बाजूच्या केबिन उत्तरेला, म्हणून सावलीत आणि महाग. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यातली आद्याक्षरं.

बॉयलर_ते_ब्रिज | रविवार, रात्री ९:५५

सावलीचा भाग खरा आहे; पूर्वेकडे जाताना डावी बाजू उत्तरेला येते आणि ऊन कमी लागतं. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. गोष्ट मागाहून रचलेली आहे.

शेखभाई_साखरपेठ | सोमवार, सकाळी १०:१०

आमच्या नानी हजला बोटीने गेल्या होत्या, मुंबईहून 'अकबर' बोटीने. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या गेल्या तेव्हा स्टेशनावर निम्मी साखर पेठ सोडायला आली होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा एवढा दिला होता की जेद्दाहपर्यंत पुरला आणि शेजारच्या बिहारच्या बायांनाही पुरला. आठवडाभर समुद्र. नानी सांगायच्या, पहिले दोन दिवस उलट्या, तिसऱ्या दिवशी उठून वर गेल्या आणि चारी बाजूंना पाणी बघून रडल्या. भीतीने नाही ओ. एवढं मोठं काही आपल्याला बघायला मिळालं म्हणून. जन्मभर त्यांनी पाणी बघितलं ते सिद्धेश्वर तळ्याचं, किंवा नळाला चार दिवसांनी येणारं.

१९९५ नंतर बोटीने हज बंद झालं, सगळं विमानाने. एकरूखकर साहेब म्हणतात तशी ती बोट कुठे बुडाली नाही, म्हणून तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण आमच्या घरात आहे.

रेवदंड्याची_सून | सोमवार, दुपारी १२:३०

मी माहेरची अलिबागकडची, तीस वर्षं सोलापुरात. आमच्याकडे टायटॅनिक कुणी म्हणत नाही, 'रामदास' म्हणतात. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सणाला घरी येणारे सहाशेहून जास्त चाकरमानी गेले. महिन्याने स्वातंत्र्य आलं, आणि आमच्या आळीत दिवे लागले नाहीत असं आजी सांगायची. बुडालेल्यांचंही लक्षात ठेवावं लागतं, एकरूखकर. आमच्याकडे ती घरटी एक जागा रिकामी होती.

एकरूखकर | सोमवार, रात्री ९:२०

ताई, तुमचं बरोबर आहे. मी पहिल्या लेखात जोरात लिहून गेलो. बुडण्याला कमी लेखायचं नव्हतं. शेखभाईंच्या नानींची 'अकबर' आणि तुमची 'रामदास', दोन्ही ज्यांच्या घरातल्या त्यांनी सांगाव्यात एवढंच. आणि आता मी लिहिणार आहे ती बोट बुडालेलीच आहे.

'राजपुताना'. पी अँड ओची १९२५ ची, स्कॉटलंडात ग्रीनॉकला बांधलेली, साडेसोळा हजार टनांची. चार बहिणी: रांची, रणपुरा, रावळपिंडी, राजपुताना. मुंबईच्या टपाल मार्गासाठीच बांधलेल्या. २९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले ते 'राजपुताना'वरून, दुसऱ्या वर्गाने. बरोबर मालवीयजी, सरोजिनी नायडू, महादेवभाई, मीराबेन. आता त्याच वर्षाची सुरुवात आठवा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपले चार हुतात्मे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. आदल्या वर्षी इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या लष्करी अंमलाची, मार्शल लॉची, जखम ओली होती. ती बोट बॅलार्ड पिअरहून सुटली तेव्हा सोलापूरकरांनी तिच्याकडे काय नजरेने बघितलं असेल याचा मी खूप विचार करतो.

सात वर्षांनी, १ सप्टेंबर १९३८ ला, त्याच बोटीवर आपल्या गावचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर चढला. द्वारकानाथ कोटणीस. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि ते, अशी पाच जणांची तुकडी काँग्रेसने चीनला पाठवली. जपानने आक्रमण केलेल्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला. हाँगकाँग करून कँटनला पोचले आणि तिथून आत, युद्धात. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. तिथेच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. बत्तीस वर्षांचे होते.

त्यांना नेणारी बोट त्यांच्याआधीच गेली होती. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज आरमाराने तिच्यावर तोफा बसवल्या आणि अटलांटिकवर काफिल्यांच्या राखणीला लावली. टपालाची बोट, तिला ना चिलखत ना काही. 'रावळपिंडी'चं तेच झालं. २३ नोव्हेंबर १९३९ ला दोन जर्मन युद्धनौकांसमोर एकटी सापडली आणि लढत बुडाली. 'राजपुताना'ला १३ एप्रिल १९४१ ला आइसलंड आणि ग्रीनलंडच्या मधल्या सामुद्रधुनीत जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बुडायला तासाहून जास्त लागला. चाळीसहून अधिक माणसं गेली, २८३ जणांना 'लीजन' या विनाशिकेने उचललं.

गांधीजी ज्या डेकवर बसून सूत कातत होते आणि कोटणीसांनी जिथून मुंबईचा किनारा शेवटचा बघितला, तो डेक आज उत्तरेच्या बर्फाळ पाण्यात तळाशी आहे.

बॉयलर_ते_ब्रिज | सोमवार, रात्री १०:४५

काका, हे मला माहीत नव्हतं. जहाजावर आयुष्य गेलं आणि आपल्याच गावच्या माणसाची बोट माहीत नाही.

बोटींच्या शेवटाबद्दल मलाही एक सांगायचं आहे. मोठ्या लायनर कितीतरी युद्धाने किंवा आगीने गेल्या. 'नॉर्मांडी' ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यात पेटली आणि विझवायला मारलेल्या पाण्याच्या वजनाने आडवी झाली. 'क्वीन एलिझाबेथ' १९७२ मध्ये हाँगकाँगला जळाली. 'क्वीन मेरी' वाचली. १९४३ मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं नेली होती तिने, आज अमेरिकेत लाँग बीचला हॉटेल म्हणून उभी आहे. आणि 'फ्रान्स', ३१६ मीटरची, चाळीस वर्षं जगातली सगळ्यात लांब प्रवासी बोट, ती २००६ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लू लेडी' नावाने गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागली. तिच्यातल्या अॅस्बेस्टॉसवरून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला, मग मोडली.

अलंगला मी स्वतः एक मालवाहू बोट घेऊन गेलोय. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची वेळ धरतात. बोट रिकामी, हलकी केलेली. वरून हुकूम येतो, पुढे पूर्ण वेग. आम्ही खाली इंजिनात. आधी काहीच कळत नाही, मग तळातून खरखर सुरू होते, पायाला जाणवते, फळीवरचे मग सरकायला लागतात. एक लांब घासणं, आणि बोट थांबते. वरून पुन्हा हुकूम, इंजिन बंद. मग जनरेटर बंद. सोळा वर्षं मी कधी जहाजावर शांतता ऐकली नव्हती. आमच्यातला सगळ्यात जुना फिटर, मालवणचा, त्याने इंजिनाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. नंतर आम्ही शिडीने चिखलात उतरलो.

मिलवाल्यांची_लेक | मंगळवार, सकाळी ११:००

वडिलांनी पण शेवटच्या पाळीला बॉयलरला हळदकुंकू लावलं होतं.

होटगीरोड_९८ | मंगळवार, रात्री ८:००

काका, आपण रविवारी सकाळी कोटणीस स्मारकाजवळ भेटायचं का? भैय्या चौकात, साडेआठला. मी 'राजपुताना' आणि 'एम्प्रेस ऑफ इंडिया' दोन्हीचे फोटो मोठे छापून आणतो. वहिनींनी ट्रंकेच्या लेबलाचा फोटो पाठवला तर तो पण. पुढच्या ५ एप्रिलला कॉलेजच्या गेटवर लावायची परवानगी मिळते का ते मी विचारतो, प्राचार्यांकडे एक ओळख आहे.

नवीपेठ_ट्रंकवाली | मंगळवार, रात्री ८:३५

लेबलाचा फोटो कशाला, ट्रंकच आणते. चादरी काढून ठेवल्यात. रिक्षात मावेल.

एकरूखकर | मंगळवार, रात्री ९:०५

मी येतो. शेखभाई, नानींचा बोटीवरचा एखादा फोटो असला तर घ्या बरोबर. रेवदंड्याच्या ताईंनीही यावं.

शेखभाई_साखरपेठ | मंगळवार, रात्री ९:३०

फोटो नाही, पण तिकीट आहे. कुराण शरीफच्या रेहलखाली ठेवलेलं असतं. आणतो.